शेतकऱ्यानें दुसऱ्याच्या धंद्याविषयीं कां लिहावें ?

शेती हा धंदा आहे, हें वाक्य आपल्या सभांतून इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, आतां त्याचा प्रतिवाद कोणी करीत नाहीं. परंतु धंदा म्हटला म्हणजे त्यास जीं कर्तव्यें चिकटतात, त्यांपैकीं एकाकडे आपल्या वर्गाचें लक्ष अद्याप गेलेलें दिसत नाहीं. आपण ज्या रोपवाटिकेंतून कलमें आणतों, ज्या कृषि सेवा केंद्रांतून बियाणें व औषधें घेतों, ज्या अडत्याकडे माल पाठवितों, ज्या कारागिराकडून विहिरीवरील मोटर भरून घेतों, त्यांच्याशीं झालेला व्यवहार कसा झाला हें चार लोकांस वाचतां येईल अशा ठिकाणीं, आपल्या नांवानिशीं लिहून ठेवणें, हें तें कर्तव्य होय. त्याची सोय आज बहुतेकांच्या खिशांतील मोबाइलवर आहे. गूगलच्या नकाशावर दुकानाचें नांव काढलें कीं त्याखालीं पांचांपैकीं किती तारे मिळाले व गिऱ्हाइकांनीं काय अभिप्राय लिहिले तें दिसतें. शहरांतील उपाहारगृहांविषयीं तेथें शेंकड्यांनीं मजकूर सांपडतो. तालुक्याच्या गांवच्या बियाण्याच्या दुकानाविषयीं मात्र बहुधा चार-सहा ओळी, आणि त्याही ‘छान’, ‘उत्तम सेवा’ अशा. ज्या दुकानावर कुटुंबाचें सबंध वर्षाचें पीक अवलंबून, त्याविषयीं एक शब्द. व जेथें एक डोसा खाल्ला तेथील चटणी किती पातळ होती याचें मात्र साद्यंत वर्णन, असा हा विलक्षण प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, कोणतें दुकान कसें आहे हें आम्हांस पारावर बसून कळतें, त्यास लिहिण्याची गरज काय ? पारावरची माहिती खरी असते व बिनपैशाची असते, हें कबूल आहे. पण ती बाजारच्या गांवापलीकडे जात नाहीं. आपल्या वडिलांच्या काळीं बियाणें घरच्या कणगींतून किंवा शेजाऱ्याच्या खळ्यांतून येत असे, तेव्हां तेवढी पुरे होती. आतां मराठवाड्यांतील गृहस्थ डाळिंबाचीं कलमें सोलापूर किंवा नाशिक जिल्ह्यांतून आणतो, आंब्याचीं कलमें कोंकणांतून मागवितो, आणि टेंपोभर रोपें रातोरात दोन-तीनशें किलोमीटर येऊन पडतात. त्या मुलुखांत त्याचा ना सोयरा ना धायरा. ज्या पारावर त्या रोपवाटिकेची खरी कथा सांगितली जाते तो पार त्यास दूर आहे. विकणाऱ्याची जाहिरात तेवढी जवळ आहे.

डाळिंबाचें उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखें आहे. या पिकावर तेल्या म्हणून जो जिवाणूजन्य रोग पडतो त्यानें कित्येक गांवांतील बागा उपटावयास लावल्या, हें वाचकांस सांगावयास नको. सोलापूर येथें २००५ सालीं खास डाळिंबासाठीं राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. त्या केंद्राचा आरंभापासूनचा आग्रह असा कीं, लागवडीस रोगमुक्त रोपच घ्यावें, कारण रोगट झाडावर बांधलेल्या गुटीबरोबर रोग नव्या बागेंत जातो. पण घेण्याच्या दिवशीं पिशवींतील रोप हिरवेंगार दिसतें. खड्डे, शेणखत, ठिबक, बांबू व मजुरी असा सर्व खर्च आधीं होऊन जातो, आणि रोप कोणत्या प्रतीचें होतें याचा उलगडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, पहिला बहार धरण्याच्या सुमारास होतो. मधल्या काळांत त्याच रोपवाटिकेंतून आणखी किती हजार कलमें बाहेर पडलीं असतील ? ज्यास ठाऊक झालें तो आपल्या गांवांत बोलतो व गप्प बसतो. दूरचा मनुष्य तीच पाटी पाहून तेथेंच आगाऊ रक्कम भरतो. याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. जो रोपवाटिकावाला आपले मातृवृक्ष निगेनें राखतो, संशयित झाडावर गुटी बांधीत नाहीं व म्हणून रोपामागें चार रुपये अधिक मागतो, त्याचें रोप व लबाडाचें रोप पिशवींत अगदीं सारखें दिसतें. त्याचे चार रुपये कशाचे, हें सांगणारा साक्षीदार नसला तर गिऱ्हाईक स्वस्ताकडे जातें, आणि निगा राखणारा एक तर निगा सोडतो, नाहींतर धंदा सोडतो.

सर्वांचें मिळून एकच नांव असलें म्हणजे काय होतें याचा दाखला आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजल्यामुळें विलायतेस तिकडचा कापूस मिळेना, व मुंबईच्या कापसास सोन्याचे दिवस आले. त्याबरोबर गांठींत माती व सरकी मिसळणें, पाणी मारून वजन वाढविणें, हलका कापूस भारी म्हणून खपविणें, हे प्रकारही बोकाळले. इतके कीं १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीबद्दल स्वतंत्र कायदा करावा लागला. पश्चिम हिंदुस्थानचा सगळा कापूस तिकडे ‘सुरत’ या एकाच नांवानें ओळखला जाई, आणि लँकेशायरच्या गिरण्यांत ‘सुरत’ हा शब्दच निकृष्ट मालाचा वाचक होऊन बसला. खानदेशांतील ज्या कुणब्यानें बोंड स्वच्छ वेंचून दिलें त्याचें नांव लिव्हरपूलपर्यंत पोहोंचण्याची कांहींच तजवीज नव्हती. मातीवाल्याचें पाप व याचें पुण्य एकाच गांठींत बांधलें जाई. आज ती तजवीज आहे. अमक्या गांवची अमकी रोपवाटिका, अमका गूळ-उत्पादक, अमका अडत्या, असें एकेकाचें बरें-वाईट वेगळें सांगतां येतें, आणि सबंध तालुक्याच्या नांवास बट्टा लागण्याचें कारण उरत नाहीं.

अशा लेखी मताचा लाभ थोरांपेक्षां लहानांस अधिक होतो, असें एका अभ्यासावरून दिसतें. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनीं अमेरिकेंतील सिएटल शहरच्या उपाहारगृहांचा विचार करून २०११ सालीं असें मांडलें कीं, गिऱ्हाइकांच्या मतांत एक तारा वाढला असतां उत्पन्न शेंकडा ५ ते ९ वाढतें. परंतु ही वाढ स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांत दिसते, गांवोगांव शाखा असलेल्या प्रसिद्ध नांवाच्या साखळीवर तिचा परिणाम दिसत नाहीं. ज्याचें नांव आधींच सर्वांस ठाऊक, त्यास साक्षीदाराची गरज कमी. उपाहारगृह व रोपवाटिका एक नव्हत, हें खरें. तरी मोठ्या कंपनीचें बियाणें जाहिरातीच्या बळावर खपतें, आणि तालुक्यांतील प्रामाणिक लहान विक्रेता गिऱ्हाइकाच्या दोन ओळींवर तगतो, असें अनुमान यावरून काढण्यास प्रत्यवाय नसावा.

आतां लिहावयाचें कसें ? महसूल खात्यांत कारकुनी करतांना प्रस्तुत लेखकाच्या हातून गारपिटीचे व अतिवृष्टीचे पुष्कळ पंचनामे तयार झाले. त्यांत ‘फार नुकसान झालें’ असें लिहून कोणाचेंही भागत नसे. गट नंबर, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाहणीची तारीख, किती झाडें उभीं व किती आडवीं, आणि खालीं पंचांच्या सह्या. अभिप्राय हा एका माणसाचा पंचनामाच होय. डोळ्यांनीं पाहिलें तें लिहावें; तर्क करावयाचा झाल्यास तो तर्क आहे असें म्हणावें. कल्पनेनें एक नमुना देतों : ‘ऑगस्ट २०२२ मध्यें भगवा जातीचीं ६०० गुटी कलमें नेलीं. पक्की पावती मिळाली. गाडी सांगितल्यापेक्षां ९ दिवस उशिरां आली. पहिल्या महिन्यांत ३१ कलमें मेलीं. कळविल्यावर ३० बदलून दिलीं, वाहतूक आम्हांकडे. मातृवृक्ष पाहूं म्हटल्यावर मालकांनीं आढेवेढे घेतले नाहींत. जमीन मध्यम, ठिबकावर. पहिला बहार २०२४ सालीं धरला. जून २०२५ पर्यंत तेल्याचे डाग नाहींत.’ यांत स्तुति किंवा निंदा असा शब्द एकही नाहीं. परंतु वाचणाऱ्यास जें हवें तें सर्व आहे. उशीर झाल्याची गोष्टही आहे, व त्यामुळें बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

समजा, डाग दिसले. तरी ‘यांनीं रोगट रोपें दिलीं’ असें एकदम लिहिणें न्यायाचें नव्हे. तेल्या शेजारच्या बागेंतून वाऱ्या-पावसाबरोबरही येतो, छाटणीच्या कात्रीनेंही येतो. अमुक महिन्यांत डाग दिसले, शेजारीं डाळिंबाची बाग होती किंवा नव्हती, एवढें लिहिलें म्हणजे जाणता वाचक काय तें समजतो. सोयाबीनचेंही तसेंच. बी पांच सेंटिमीटरपेक्षां खोल गेलें, किंवा पुरेशी ओल नसतां घाईनें पेरलें, तर उत्तम बियाणेंही दगा देतें. शिवाय प्रमाणित सोयाबीनला उगवणशक्ति किमान शेंकडा ७० असावी, असा दंडक आहे. शंभरांतील पंचवीस दाणे उगवले नाहींत म्हणून फसवणूक झाली असा बोभाटा करणाऱ्यास हा दंडक ठाऊक नसतो. पिशवीवरील लेबल निळें, म्हणजे प्रमाणित बियाण्याचें होतें, कीं हिरवें, म्हणजे सत्यतादर्शक बियाण्याचें होतें, हें लिहिण्यास एक ओळही लागत नाहीं.

लिहिण्याची वेळ हाही महत्त्वाचा विषय आहे. दुकानांतून बाहेर पडतांच मोबाइल विचारतो कीं, अनुभव कसा होता ? डोसा खाणाऱ्यास हा प्रश्न योग्य वेळीं विचारलेला असतो. बी घेणाऱ्यास तो फार लवकर विचारला जातो. कांद्याच्या बियाचें गुणदोष डेंगळे किती आले व जोड कांदा किती निघाला यावरून काढणीस कळतात, आणि टिकाऊपणा तर चाळींत कांदा चार-पांच महिने राहिल्यावर. केशर म्हणून आणलेलें कलम केशरच आहे, याची खात्री फळ हातीं आल्यावांचून नाहीं. सबब खरेदीच्या दिवशीं फार तर वागणूक, पावती व माप यांविषयीं लिहावें, आणि माल आपल्या शेतांत बोलूं लागल्यावर त्याच अभिप्रायांत भर घालावी. एकदां लिहिलेलें पुढें दुरुस्त करण्याची सोय तेथें आहे, पण तिचा उपयोग करणारा विरळा. अडत्याविषयीं लिहावयाचें तर दर काय मिळाला हें गौण. दर बाजाराचा असतो. हिशोबपट्टी त्याच दिवशीं मिळाली काय, हमाली-तोलाईखेरीज आणखी काय कापलें, आणि पैसे कितव्या दिवशीं खात्यांत आले, या तीन गोष्टी लिहाव्या. नाशिक व सांगली या जिल्ह्यांत बांधावर द्राक्षें खरेदी करून पैसे न देतां परागंदा झालेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. वेळेवर पैसे देणारा कोण, हें आधीं लिहिलेलें असणें, अशा मुलुखांत सोन्याच्या मोलाचें आहे.

या सर्वांस जी खरी आडकाठी आहे ती वेगळीच आहे, व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. खरीपांत ज्या दुकानदाराकडून खत-बियाणें उधार घ्यावें लागतें, त्याच्याविषयीं प्रतिकूल चार शब्द लिहिण्याचें धैर्य कोणास होणार ? सुगीपर्यंत तो आपला सावकार असतो. माझें मत असें कीं, ज्याचा हात असा अडकला आहे त्याच्यावर ही सक्ती कोणी करूं नये. परंतु संघाच्या सभासदांत रोखीनें घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हात मोकळा आहे. त्यांनीं मौन धरिलें तर उधारीवाल्याच्या वतीनें बोलणारें कोणीच उरत नाहीं. दुसरें असें कीं, प्रतिकूल लिहिण्यापूर्वीं मालकास समक्ष भेटावें किंवा पत्रानें कळवावें व आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. पुष्कळशा गोष्टी तेथेंच मिटतात, आणि मिटल्या हेंच मग लिहावयास चांगलें होतें. शिवाय प्रतिकूल लिहिणें हा या कामाचा लहान भाग आहे. आपले बहुतेक व्यवहार सरळ होतात, आणि सरळ झालेल्या व्यवहाराविषयीं कोणी लिहीत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां येऊन पंप सुरू करून देणारा वायरमन, जुन्या नांगराचा फाळ शेवटून देऊन नवा घ्यावयास न लावणारा लोहार, यांच्या नांवावर एक ओळही नसते. राग आलेला मनुष्य मात्र त्याच संध्याकाळीं लिहितो.

बदनामीचा दावा होईल या भीतीनेंही कित्येक गप्प बसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत बदनामीचा गुन्हा सांगितला आहे खरा, पण सार्वजनिक हितासाठीं केलेलें सत्य कथन गुन्हा होत नाहीं, असा अपवादही तेथेंच आहे. पावती, लेबल व तारीखवार टांचण जवळ असून पाहिलें तेवढेंच जो लिहितो, त्यास बिचकण्याचें कारण थोडें. ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द, मालकाची जात, त्याचें घर, दुकानांतल्या पोऱ्याचें नांव, यांस अभिप्रायांत स्थान नाहीं. बांधाचा तंटा व ग्रामपंचायतीची निवडणूक यांसही नाहीं. विरोधी पॅनेलच्या माणसाच्या पिठाच्या गिरणीस एक तारा देणारे महाभाग आहेत, असें ऐकतों. दळण कसें निघतें याचा त्या ताऱ्याशीं कांहीं संबंध नसतो, आणि हें त्यांच्या घरच्या मंडळींसही ठाऊक असतें, कारण दळण तेथेंच जातें!

खोट्या अभिप्रायांचा बाजारही भरला आहे. पैसे घेऊन पांच तारे मिळवून देणारे लोक आहेत. भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें अशा अभिप्रायांसाठीं आय. एस. १९००० हें मानक काढलें, परंतु तें ऐच्छिक ठेवलें आहे. गूगलच्या नियमांप्रमाणें पैसे किंवा सवलत घेऊन लिहिणें, स्वतःच्या धंद्याविषयीं लिहिणें व प्रतिस्पर्ध्यास पाडण्यासाठीं लिहिणें, हें सर्व वर्ज्य आहे. पण नियम व पाळणूक यांतलें अंतर आपणांस नवें नाहीं. विकत घेतलेला अभिप्राय ओळखूं येतो : त्यांत पिकाचें नांव नसतें, हंगाम नसतो, संख्या नसते. खऱ्यांची संख्या वाढली तर तो आपोआप उघडा पडतो. ती न वाढली तर तोच तेवढा मैदानांत उरतो.

आपल्यांतील जे बेदाणा, गूळ, हळद पिशवींत भरून स्वतःच्या नांवानें विकतात, किंवा शेतावर पर्यटक उतरवितात, त्यांनीं एक पथ्य अधिक पाळावें. ते गिऱ्हाइकांस ‘आमच्याविषयीं लिहा’ म्हणून आग्रह करतात, व तसा आग्रह वावगा नाहीं. परंतु ‘तूं माझें लिही, मी तुझें लिहितों’ असा वाटा-घाटाचा करार करूं नये. ज्याच्याकडून खरोखर माल घेतला त्याचेंच लिहावें. या मंडळींच्या मतास एरवींच्या गिऱ्हाइकाहून वजन अधिक असतें. गूळ भरण्याचे डबे कोणाचे गळतात, बेदाण्याच्या शीतगृहांत ओल राहते काय, हें खाणाऱ्यास कधींच कळावयाचें नाहीं. धंदेवाल्यास ठाऊक असतें. आणि स्वतः मालक असल्यामुळें एका वाईट ओळीनें झोंप कशी उडते, हेंही त्यास ठाऊक असल्यानें त्याची लेखणी सहसा सैल सुटत नाहीं.

अभिप्राय लिहिला म्हणजे दाद मिळाली, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊं नये. बियाणें उगवलें नाहीं तर पहिला अर्ज तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा, पाहणी करवावी, पिशवी, लेबल, पावती व उरलेलें मूठभर बी जपून ठेवावें. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं निकाल दिला कीं, बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, व १९६६ चा बियाणें कायदा असला तरी ग्राहक न्यायालयाचा मार्ग त्यास मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे; १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करून प्राथमिक सल्लाही मिळतो. हे मार्ग नुकसान झाल्यानंतरचे आहेत. लेखी अभिप्राय पुढच्या माणसाच्या खरेदीपूर्वीं उपयोगी पडतो. एक करून दुसरें टाकावें असें नाहीं.

संघाच्या चालकांस एक सूचना करावीशी वाटते. मासिक सभेच्या शेवटीं अर्धा तास यासाठीं राखून ठेवावा. ज्या सभासदांस मोबाइलवर मराठी लिहिण्याचा सराव नाहीं त्यांच्या तोंडून तरुण सभासदांनीं मजकूर ऐकून, त्यांच्याच मोबाइलवरून, त्यांच्याच नांवानें उतरून द्यावा व पाठविण्यापूर्वीं वाचून दाखवावा. संघाच्या नांवानें सरसकट अभिप्राय देऊं नये, आणि कोणत्या दुकानाविषयीं काय लिहावें याचा ठराव तर मुळींच करूं नये. प्रत्येकानें येतांना गेल्या हंगामाची एक पावती बरोबर आणावी. मृगाच्या आधींची सभा यासाठीं सोयीची पडेल, कारण बियाण्याची खरेदी तेव्हां व्हावयाची असते आणि गतवर्षींच्या पावत्या बहुधा घरांत सांपडतात.